कोण आठवण काढतंय?

भर दुपारी, आईच्या शिवणाच्या दुकानात दोघीच असताना, थोरलीला उचकी लागली ती थांबेचना.

“कुणीतरी आठवण काढतंय गं! नावं घे, बरोबर नावाला थांबेल,” मशीन चालवत आई म्हणाली.

मामा झाला, मावशी झाली, वर्गातला ढापण्याही झाला.

“त्याच्या नावाला बरी लाजलीस!” आई खुदखुदली.

आता एकच नाव उरलं होतं. जिवलग मैत्रीण तापानं गेल्यापासून, तीन महिने, थोरलीनं ते ओठांवर येऊ दिलं नव्हतं. घेतलं आणि ‘ओ’ आली नाही, तर?

“बुटकी,” ती पुटपुटली.

उचकी तिथल्या तिथे थांबली. थोरलीला हसू फुटलं, डोळे भरले, आणि बुटकीची इतकी, इतकी आठवण आली!

तेवढ्यात, कपडे घालून बघायच्या पडद्याआड, कुणालातरी उचकी लागली.