भाऊकीचा रोट

“नातं काय तुमचं?” ट्रस्टच्या स्वप्नीलने विचारलं.

कोकिळाने शेजारच्या इंदिराबाईकडे पाहिलं. खोटं बोलायची सवय नाही, तिथेच घोडं अडलं. “शेजारीण आहे मी त्यांची,” ती म्हणाली.

“मग चिठ्ठी.” स्वप्नीलने दोघींच्या नावाच्या चिठ्ठ्यांच्या वेगवेगळ्या घड्या घातल्या आणि बरणीत टाकल्या.

धुळ्यातल्या बंद गिरणीमागची ही वस्ती. सुकदेवशेठनी आईच्या नावाने ट्रस्ट काढून पडक्या चाळींच्या जागी इमारती उभ्या केल्या होत्या, आणि तोवर पत्र्याच्या शेडमध्ये दिवस काढणाऱ्यांना आज किल्ल्या मिळायच्या होत्या. घरं चांगली होती. उगाच खोट काढणाऱ्यांतली इंदिराबाई नव्हती. नळाला पाणी, संडास घरात, भिंतींना ओल नाही. पण कोण कुठल्या इमारतीत जाणार ते चिठ्ठी ठरवणार. चिठ्ठीत वशिला चालत नाही, असं शेठचं म्हणणं, आणि ते काही चूक नव्हतं. भाऊबंदांची मिळून एकच चिठ्ठी, त्यांना तेवढी लागून घरं मिळणार; बाकी सगळ्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या.

इंदिराबाईला डोळ्यांनी धड दिसत नव्हतं. मुलगा प्रेमराज केळीचा ट्रक घेऊन रावेरहून दिल्लीला जायचा. तो घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. म्हातारीच्या डोळ्यांत औषध घालायचं ते कोकिळाने, आणि कोकिळा डाळमिलमध्ये गेली की तिची छोटी मुलगी भूमिका सांभाळायची ती इंदिराबाईने. मधे नुसता पत्रा. म्हातारी खोकली की पलीकडून आवाज यायचा, “पाणी देऊ का, अक्का?” नव्या घरात हे कोण विचारणार? एक इमारत रस्त्याच्या या टोकाला, दुसरी त्या टोकाला. जिला उंबरा चाचपून ओलांडावा लागतो, तिला ते दुसरं गावच.

“शेठ, कोकिळा माले जोडेच पाहिजे, भिंतीले भिंत लागून,” इंदिराबाई म्हणाली.

शेठ माणूस वाईट नव्हता. तो खुर्चीतून उठून जवळ आला. “अक्का, एकीला सूट दिली की सगळेच मागतील. नातं असतं तर मी स्वतः दिलं असतं. पण ही रावेरकडची, तुम्ही इथल्या. ना जात एक, ना गाव एक.”

इंदिराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्याच्या तेराव्यानंतर ज्या दिराने तिच्या दारात पाऊल टाकलं नाही, त्या निंबाचं नाव मात्र आज तिच्याच चिठ्ठीवर, तिचा शेजारी म्हणून लिहिलं होतं. कारण तो नात्यातला. ती उठली आणि पत्रा चाचपत आत गेली. म्हातारी रुसली, असं लोकांना वाटलं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ताटली होती, आणि ताटलीत कानबाईचा रोट.

श्रावणातला सोमवार होता. सकाळीच देवीचं विसर्जन झालं होतं. कानबाईचा रोट भाऊकीबाहेर जात नाही, हे तिथे पोरासोरांनाही ठाऊक. घरातल्या पुरुषाच्या नावाने गहू घ्यायचे, दळायचे, आणि तो रोट भाऊबंदांनीच संपवायचा. इंदिराबाई याबाबतीत फार कडक. सासरी गेलेल्या पोटच्या लेकीलाही तिने कधी तुकडा दिला नव्हता. भूमिकाने हट्ट केला की तिच्या हातावर गूळ ठेवायची, रोट नाही.

तिने रोट मोडला. “खा वं, कोकिळा.”

कोकिळा मागे सरकली. “अक्का, अहो, मला कुठं चालतो?”

“मी देस ना. खा.”

देवीची भीती म्हातारीला खरंच वाटत होती. पण देवी रागावली तर तिची समजूत घालता येते. त्या बरणीची कशी घालणार? तिने हात तसाच पुढे धरला. कोकिळाने तुकडा घेतला, कपाळाला लावला आणि खाल्ला.

“आते लिख,” इंदिराबाई स्वप्नीलला म्हणाली. “भाऊकी शे.”

स्वप्नीलने शेठकडे पाहिलं. शेठच्याही घरी कानबाई बसायची. कपाळावरचं सकाळचं कुंकू अजून पुसलं नव्हतं. जिने रोट खाल्ला ती भाऊकीतली नाही, असं म्हणायला त्याची जीभ रेटेना.

तेवढ्यात पलीकडच्या शेडमधला कौतिक हातगाडी सोडून पुढे आला आणि त्याने तळवा पसरला. “अक्का, माले बी.” त्याच्यामागे त्याची बायको आली. मग ज्यांच्या चिठ्ठ्या बरणीत होत्या ते सगळेच आले. कोणी कोणाची जात विचारली नाही. रोट केवढा, माणसं केवढी. तुकडे नखाएवढे झाले तरी म्हातारी मोडतच राहिली. निंबा तेवढा लांब उभा होता, आणि त्याला कोणी बोलावलं नाही.

शेठने टेबलावरची बरणी उचलली, झाकण लावलं आणि स्वप्नीलच्या हातात दिली. “एका घरात चिठ्ठ्या कसाले काढतस? ज्याला जो शेजार पाहिजे, तो दे.”

कोकिळाने भूमिकाला उचलून घट्ट धरलं. शेठला भरून आलं होतं. आपल्या हातून आज काही मोठं झालं, असं त्याला वाटत होतं, आणि तेही खरंच होतं. त्याने पायातले बूट काढले, इंदिराबाईपुढे वाकला आणि ओंजळ पुढे केली. ताटलीत थोडा चुरा उरला होता.

“कोन शे?” इंदिराबाईने विचारलं.

“मी सुकदेव, अक्का.”

तिने ताटलीवर पदर ओढला.

“नही, शेठ. तुम्ही पाव्हना शेतस. बसा, चहा ठेवस.”