बिनआवाजाचे बुश

"हाई रबर शे का चिंगम?" हिलाल नानांनी गाडीच्या चाकाचा रबरी बुश काउंटरवर आपटला. तो उसळून रुपचंदशेठच्या चहाच्या कपाला लागला.

रुपचंदशेठने कप बाजूला सरकवला. धुळ्यात आग्रा रोडवर स्पेअर पार्टचं दुकान चालवायचं म्हणजे अशी गिऱ्हाइकं यायचीच. त्याने दुसरे बुश पुढे ठेवले. नायलॉनचे, लेथवर काढलेले, दगडासारखे टणक.

"नाना, गाडी जुनी, त्यात रस्ते असे. माझं ऐका, नायलॉनचे टाका. जरा धक्के बसतील, थोडा आवाज येईल, पण बरीच वर्षं बघायला नको. हे मऊ रबर वर्षभरात पिचून जाईल."

"आवाज करतीन?"

"थोडा."

"मग त्या तुना घरमा ठेव. माले मऊ दे. बठ्ठा आवाज बंद व्हवाले पाहिजे."

मघाशी ज्याला चिंगम म्हटलं, तेच बुश नानांनी घेतले आणि वर शेठलाच चार शब्द सुनावले. नाना रस्त्यांचे ठेकेदार. त्यांची अँबॅसिडर सदुसष्टची, म्हणजे वीस वर्षं ओलांडलेली. पुढच्या चाकांचे बुश पार झिजले होते आणि प्रत्येक खड्ड्यात गाडी करकरायची. नानांच्या रस्त्यावर नानांचीच गाडी कण्हते, असं नाना राहायचे ते अख्खं देवपूर हसून सांगायचं. नानांच्या तोंडावर सांगायची मात्र कुणाची टाप नव्हती.

नानांना त्या करकरीचं काही वाटत नव्हतं. पण परवा नरडाण्याला गाडी कामाच्या थोडं अलीकडे बंद पडली म्हणून ते तिथवर पायी गेले, तर मुकादमासकट सगळे मजूर निंबाखाली आडवे. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं हे हरामखोर करकर ऐकून फावडी उचलत होते! तेव्हापासून त्यांना एकच ध्यास लागला. गाडी मांजरीसारखी जायला पाहिजे आणि एकेकाला रंगेहाथ धरायला पाहिजे.

सकाळी निघताना बायको, यशोदाबाई, दारात आडवी आली होती.

"ऱ्हाऊ द्या ना तो आवाज. गाडी चालस ना?"

"गाडी मनी शे का तुना बापनी?" नाना कडाडले. तिच्या मागून सूनबाई प्रमिलाही काहीतरी पुटपुटली. नानांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं, तेवढ्याने ती आत गेली. आपल्या गाडीला दोन पैसे लावले की या बायांच्या पोटात का दुखतं, हे त्यांना कळेना. त्या रागात ते चहाही न पिता निघाले.

अभिमन मिस्त्रीने दुपारपर्यंत बुश बसवले. नाना त्याच्या डोक्यावर उभे राहून शिव्या देत होते, म्हणून जरा उशीरच झाला. आता घरी दोन घास खायचे आणि थेट नरडाणा.

नानांची गल्ली उताराची. पेट्रोल वाचवायला ते नेहमी गल्लीच्या तोंडाशीच इंजिन बंद करायचे आणि गाडी तशीच दारापर्यंत घरंगळत आणायचे. आजही बंद केलं. पहिला खड्डा आला. हूं की चूं नाही. दुसरा आला. गाडी लोण्यातून गेल्यासारखी गेली. नाना चक्क गालात हसले.

आणि घराच्या थोडं अलीकडे त्यांनी ब्रेक दाबला.

खिडकीतून आवाज येत होता. "हाई भाजी शे का नळनं पाणी?" आवाज यशोदाबाईंचा, पण खेकसणं हुबेहूब नानांचं. पाठोपाठ ताट आपटल्याचा आवाज. प्रमिला हसून हसून खोकायला लागली. शेजारच्या वच्छलाबाईही आत होत्या.

"हळू हास अक्का," त्या यशोदाबाईंना म्हणाल्या, "नाना येतीन."

"कसाले घाबरस?" यशोदाबाई म्हणाल्या. "गाडीनी करकर ऐकू उनी का उठसूत. गाडी दारशी येवालोंग बठ्ठं आवराई जास."

नानांची कानशिलं तापली. हात दाराच्या कडीवर गेला. हवं होतं ते झालं होतं, रंगेहाथ सापडल्या होत्या. आता फक्त आत शिरायचं होतं.

तेवढ्यात यशोदाबाई पुन्हा हसल्या. मांडीवर थाप मारून, मोकळ्या गळ्याने. नाना थांबले. हे हसणं आपल्या बायकोचं आहे हे त्यांना क्षणभर ओळखताच आलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. त्यांना वाईट वाटलं. आपण आत गेलो की हे हसणं बंद होणार. आणि आज पकडलं गेलं, तर आपण घरात नसतानाही ते पुन्हा कधी होणार नाही. आयुष्यात कुणाला न भिणारे नाना या विचाराने घाबरले.

त्यांनी कडी सोडली आणि हॉर्न दाबला. लांबलचक. आत एकदम शांतता, मग भांड्यांची आदळआपट, पळापळ. मागच्या दाराने निघालेल्या वच्छलाबाई शेजारच्या आपल्या घरात शिरताना नानांना दिसल्या. तरी ते थोडा वेळ गाडीतच बसले.

ते घरात आले तेव्हा पाट मांडलेला होता. यशोदाबाई खाली मान घालून पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"गाडीना आवाज गया वाटस," त्या कशाबशा म्हणाल्या.

"गया," नाना नेहमीसारखे खेकसले. "आजपाईन गल्लीना तोंडवरच हॉर्न वाजाडसू. रोज. ध्यान ठेव."