शहाजीची काड्यापेटी

माती टाकल्यावर नळीतलं नारंगी पाणी बघता बघता हिरवं झालं, तशी लिंबाखाली बसलेल्या तानाबाईनं पदर सारखा केला आणि दिराकडं, शहाजीकडं बघितलं.

शहाजीच्या खिशात सकाळपासून काड्यापेटी होती. समोर दोन एकर ऊस तुटून गेला होता आणि सऱ्यांवर वाळल्या पाल्याचं पोटरीएवढं पाचट पडलं होतं. पार नातेपुत्याच्या रस्त्यापर्यंत सगळ्यांची रानं जळून काळी झाली होती. पाचट राहिलं होतं ते या दीर-भावजयीच्या सामाईक रानातच. तीन वर्षं तानाबाईनं त्याला काडी लावू दिली नव्हती. आधी धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून. मग संस्थेची पूनम गावात आली आणि सांगू लागली, की पाचट जाळलं तर त्यातला कर्ब वायू होऊन वर जातो आणि ऊन वाढवतो, कुजवलं तर थोडा तरी मातीत राहतो. तानाबाईला हे एका दमात पटलं. घरचं धन धुरानं बाहेर सोडायचं आणि वर बोंबलायचं की उन्हाळा लई, असली अक्कल तिच्या माहेरी तरी कुणाला नव्हती.

शहाजीला मात्र पाचटात उंदीर दिसत, साप दिसे, आणि पारावरच्या लोकांचं हसणं रात्रंदिवस ऐकू येई. दोन वर्षं तो वहिनीच्या तोंडाला भिऊन गप्प बसला. यंदा पूनमच्या समोर बोली झाली होती. रानाच्या मातीत कर्ब वाढलेला निघाला तर काडी नाही, नाही निघाला तर आजच्या आज पेटवायचं. पाणी जितकं हिरवं तितका कर्ब जास्त.

आता पाणी तर पोपटासारखं हिरवं होतं. पण पूनमचा चेहरा काही खुलेना. तिनं नळी रंगाच्या तक्त्याशेजारी धरली. तक्त्यावर एवढा हिरवा रंगच नव्हता. मग तानाबाईनं आठ दिवस सावलीत वाळवलेल्या मातीची पिशवी तिनं कागदावर उपडी केली. ढेकळांमागून मेंढराची एक लेंडी निघाली आणि घरंगळत शहाजीच्या पायाशी येऊन थांबली.

"मावशी, माती कुठली घेतली?"

तानाबाईची मान होती तशीच ताठ. विहिरीजवळ गेल्या महिन्यात धुळा धनगराची मेंढरं लेंडीखतासाठी चार रात्री बसवली होती, तिथली घेतली.

"पावणे बघाय आल्यावर पोरीला जुनेर नेसवत्यात व्हय? चांगल्यातलं चांगलं काढून दिलं."

पूनम हसली, मग कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, ही दाखवायची पोर नव्हे मावशी, हा दवाखान्यात नेलेला माणूस आहे. जिथं दुखतं तिथलंच दाखवावं लागतं.

शहाजी उठला. ही फसवणूक झाली, बोली मोडली, असं म्हणत त्यानं खिशात हात घातला. त्यावर तानाबाईनं त्याला विचारलं, की नातेपुत्याच्या बाजारात म्हातारा बैल विकताना त्याच्या शिंगांना तेल कुणी लावलं होतं. शहाजीचा हात खिशातच राहिला.

"जागा तुमी दावा, भावजी. खणा बी तुमीच."

शहाजीनं खांद्यावर कुदळ टाकली आणि सरळ खालच्या कोपऱ्याकडं निघाला. सबंध रानात नाठाळ जागा ती. चोपण. पाणी दिलं की चिखल, वाळलं की फरशी. तिथं कुदळ मारली की खांद्यातून कळ यायची, हे त्याला बापाच्या काळापासून ठाऊक होतं. तानाबाईलाही ठाऊक होतं. ती लिंबाखालून हलली नाही, पण तोंडातलं पान चघळायचं थांबली.

शहाजीनं पायानं पाचट बाजूला केलं, पाय रोवले, कुदळ डोक्यावर नेली आणि सगळा राग घालून हाणली.

कुदळीचं पातं दिसेनासं झालं. जोर उरला तो शहाजीलाच पुढं घेऊन गेला आणि तो दोन्ही हातांवर पाचटात पडला.

लिंबाखाली दोघी हसत होत्या. शहाजी उठेना. म्हणून तानाबाई लगबगीनं गेली, तर हा उकिडवा बसलेला. हातात ढेकूळ होतं, ते दाबलं की भुगा होत होतं. पंधरा दिवस पाणी नव्हतं आणि माती ओली होती. खड्ड्याच्या कडेला एक गांडूळ उघड्यावर वळवळत होतं. शहाजीनं ते चिमटीत धरून अलगद आत सोडलं आणि वर पाचट ओढलं. तानाबाईच्या जिभेवर चांगली चार वाक्यं आली होती. तिनं ती गिळली. जन्मात पहिल्यांदाच.

मग शहाजीनं काड्यापेटी काढली, काड्या मुठीत ओतल्या आणि रिकाम्या पेटीत माती दाबून भरली.

"ही बी बघा, पूनमताई."

पूनम म्हणाली, ओली माती नळीत चालत नाही, आठ दिवस वाळवावी लागेल. आणि एवढ्यानं भागणारही नाही. दहा जागची लागते.

"आठ न्हाय, म्हैना लावा," शहाजी म्हणाला. त्यानं रस्त्यापर्यंतच्या काळ्या रानांवरून नजर फिरवली. "आन् पेट्यांचं काय, पारावर बसत्यात त्यांच्या धा पेट्या रिकाम्या करून आणतो की."

तानाबाईनं त्याच्यापुढं पदर पसरला.

"आदी त्या काड्या हिकडं टाका. च्या ठेवते."