मांजरानं सांडलेलं दही

लढाई सुरू झाल्यापासून अनुसयेच्या नवऱ्याचं सीमेवरून पत्र नव्हतं. पोस्टमन मान खाली घालून दारावरून पुढे जायचा. एकविसाव्या दिवशी तिनं चूलच पेटवली नाही. म्हशीची धार काढली, पण दूध न तापवता ठेवलं आणि ते नासलं.

दुसऱ्या सकाळी शेजारची गोदाक्का वाटी घेऊन दारात आली. "थोडं विरजण दे गं. आमचं दही मांजरानं सांडलं."

मडक्याच्या तळाशी चमचाभरच दही होतं. ते दिलं असतं तर घरचं विरजण तुटलं असतं. शेजारणीला नाही म्हणवेना, म्हणून अनुसया उठली. सकाळचं ताजं दूध तापवून विरजलं. चूल पेटलीच होती, तर एक भाकरीही थापली.

मग रोजच कुणीतरी येऊ लागलं. कधी सरूबाई, कधी गोदाक्काची सून. प्रत्येकीचं दही मांजरानंच सांडलेलं.

दहाव्या दिवशी जैतूनमावशी आली. तिनंही मांजराचंच नाव घेतलं.

"मावशी, तुमची म्हैस दिवाळीतच आटली. घरात दूध नाही, मग विरजण कशात घालणार?"

जैतूनमावशी हातातल्या रिकाम्या वाटीकडे बघत राहिली. अनुसयेला हसू आलं, आणि हसता हसता इतके दिवस अडलेलं रडू फुटलं. मावशी उंबऱ्यावर तिच्याजवळ टेकली. पाठीवरून हात फिरवत राहिली.

बऱ्याच वेळानं अनुसयेनं डोळे पुसले आणि ती वाटी दह्यानं भरली.

"उद्या कुणाची पाळी?"

"गोदाची."

"ये म्हणावं तिला. पण त्या मांजराला आता सोड म्हणावं."