घराण्याचा दात

फीत कापून हिरोइन दातांच्या दवाखान्यात शिरली, तर काउंटरवर काचेच्या डबीत मखमलीवर एक पिवळट सुळा. खाली पाटी: 'आपल्या गावच्या लेकीचा दात.' चाहते डबीचे मुके घेत होते. तिला शिसारी आली. याच गावाने लहानपणी तिला 'दातरी' म्हणून रडवलं होतं. पहिला सिनेमा मिळाला तेव्हा तो वाकडा सुळा तिने शहरात काढून घेतला आणि तिथल्याच कचऱ्यात टाकला. मग हा कोणाचा? शेजारी बाबा तोंडाला रुमाल लावून हसत होते. तिने रुमाल ओढला, तर सुळ्याच्या जागी भगदाड. "अगं, एकाच घराण्याचा दात! कोणाला कळतंय?" "शी, बाबा!" तेवढ्यात डॉक्टर हात चोळत आला. "मॅडम, पुढच्या महिन्यात दुसरी शाखा काढतोय. उद्घाटनाला याल ना?" तिने काही बोलायच्या आत बाबांनी आ करून उरलेला सुळा दाखवला.