फुकटचा घोडा

चौथ्याच चालीला अशफाकनं आपला घोडा एका फडतूस प्याद्यावर ओवाळून टाकला, आणि पडद्याआड उभ्या असलेल्या नाजिशनं फटीला डोळा लावला.

शेलूबाजारात उस्मानभाईंच्या गादी-रजईच्या दुकानात भरदुपारी डाव रंगला होता. पुढे दुकान, मागे घर, मधे पडदा. उस्मानभाईंची अट साऱ्या बाजाराला पाठ होती: जो मला बुद्धिबळात हरवेल त्यालाच माझी नाजिश देईन. म्हातारा गमतीनं बोलून गेला होता खरा, पण बोलला चारचौघांत, आणि चारचौघांत दिलेली जबान गिळणाऱ्यांतला तो नव्हता. अशफाक जिंकला तर निकाह पक्का. हरला तर मंगरूळपीरचं हे स्थळ संपलं.

"घ्या ना चचा घोडा," अशफाक म्हणाला.

"घेतो ना. फुकटचा घोडा कोन सोडते?" उस्मानभाईंनी घोडा उचलून बाजूला ठेवला. "कोनं शिकवलं रे तुले हे?"

"असंच. मोबाइलवर पाह्यलं."

पाहतोय कसला! शिकवलं होतं नाजिशनं. ती वाशीमच्या कॉलेजात बुद्धिबळ खेळायची. "तुया अब्बाले कशानं हरवू ते सांग," म्हणून अशफाकनं फोनवर पिच्छा पुरवला, तेव्हा तिनं शोधशोध शोधून ही चाल काढली होती. फारसं कुणी खेळत नाही अशी. मग तिच्यातले हल्ले त्याला एकेक करून समजावले. घोडा द्यायचा, मधली प्यादी दणादण पुढे सोडायची, समोरच्याचे घोडे पळवून लावायचे, की मग उंट आणि वजीर मिळून राजाच्या छाताडावर. अशफाक जाम खूश झाला. "शादीनंतर तुले खेळाची काय गरज? मीच खेळीन आता," म्हणाला हसत हसत.

लई जीव लावणारा पोरगा, असं अम्मीचं म्हणणं. एकदा नाजिशनं फोन उचलला नाही, तर गडी भर उन्हात मोटारसायकल हाणत इथवर आला. "कोनाशी बोलून राह्यली होती?" एवढंच विचारलं आणि पाणीही न पिता परत गेला. अम्मीला केवढं कौतुक! "असा चाहनेवाला नशिबानं भेटते बेटा."

पटावर अशफाकची प्यादी सुटली. अब्बांचे घोडे हटू लागले; एक तर जिथून निघाला होता तिथंच येऊन बसला. भीतीनं नाजिशला उभं राहवेना आणि बसवतही नव्हतं.

या हल्ल्यात एक भोक होतं. अब्बांनी वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे फेकलं, की सगळा जोर तिथंच ओसरणार आणि दिलेला घोडा अशफाकच्या अंगाशी येणार. अशफाकला ते ठाऊक नव्हतं.

उस्मानभाईंनी दाढी कुरवाळली. त्यांचं बोट नेमकं त्याच प्याद्यावर येऊन थांबलं.

नाजिशनं पडद्याची कड दातांत धरली आणि डोळे घट्ट मिटले. तिनं तेव्हा जी दुआ मागितली, तशी आजवर कशासाठीही मागितली नव्हती.

डोळे उघडले तेव्हा प्यादं एकच घर सरकलं होतं.

अब्बांचा हात देशी. त्यांच्या जुन्या खेळात पहिलं प्यादं तेवढं दोन घरं जातं, बाकीची मुंगीच्या पावलांनी एकेक. आज नव्या कायद्यानं खेळू, हे त्यांनीच ऐटीत कबूल केलं होतं. पण जन्माची सवय, ती बोटांतून जाते थोडीच.

अशफाकचा वजीर बाहेर पडला. मागोमाग उंट. अब्बांचा राजा घर सोडून उघड्यावर आला.

"शह, चचा."

अब्बा सरकले.

"शह."

उस्मानभाई पटाकडे बघत राहिले, बघत राहिले, आणि मग मांडीवर थाप मारून मोठ्यांदा हसले. "मात! मानलं बाप्पा तुले! आता जबान म्हंजे जबान. हुस्नाबानो, मिठाई आन!" त्यांनी अम्मीला हाक दिली.

अशफाक उठला. त्यानं सरळ पडद्याकडे पाहिलं आणि हसला.

नाजिश पडद्यामागेच खाली बसली. तिला रडू आवरेना. अम्मी धावत आली, तिला छातीशी धरलं, आणि स्वतःचेही डोळे पुसले.

"रडून काहून राह्यली पगली? मले काय ठाव नाही का, त्याले कोनं शिकवलं ते? आठ दिवस मोबाइलात डोकं घालून बसली होती ना त्याच्यासाठी!"

बसली होतीच. तेवढा वेळ लागणारच होता, कारण नाजिशला अशी चाल हवी होती, जी दिसेल जिंकणारी आणि खेळणाऱ्याला हरवेल हमखास.