बाईंचा आकडा

एक्याण्णव साली आई पनवेलमध्ये मुलींना कॉम्प्युटर शिकवायची. कॉम्प्युटर नव्हताच, मुलीच कॉम्प्युटर व्हायच्या. शर्टाची बटणं शिवलेला हातमोजा घालणारी कीबोर्ड, टिकल्यांचा पुठ्ठ्याचा मुकुट घालून आकडे लक्षात ठेवणारी मेमरी.

आई गेली. वर्ग बंद करायचा म्हणून मी खोली आवरत होते, तेव्हा कोन गावाहून वेणूबाई आपल्या लेकीला, सुगंधाला घेऊन आल्या. पोरीच्या डोक्यावर मुकुट होता.

"बाई गेल्यापासून काढत नाय. झोपते पन तशीच. तुमी तरी सांगा."

"सुगंधा, काढ बघू तो."

"काढला तर पुसलं जाईल, ताई. बाईंनी मला चौदा ठेवायला दिलेत. त्यात काय मिळवायचं ते सांगणार होत्या, तेवढ्यात त्यांना चक्कर आली."

"बरं, एक मिळव."

"असं तोंडानं नाय चालत. हातमोजा घाला."

मी हातमोजा शोधून घातला. बटणांवर आईच्या अक्षरात आकडे होते. एक दाबला.

"पंधरा!" सुगंधा म्हणाली. मुकुट काही काढला नाही. "आता हे पंधरा ठेवू ना?"

वेणूबाईंनी कपाळाला हात लावला.

"उद्यापर्यंत ठेव," मी म्हटलं.